फूल माशीचं, बी चुलीचं

भागरताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून. त्यानंतरचे पंधरा दिवसही पाठीकडूनच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साकोलीपासून चार कोसांवरच्या एका गावात मी शेती खात्याचा ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा धानाच्या निंदणीचे दिवस होते. घोटाभर चिखलात तेरा बायका ओळीने वाकलेल्या असत आणि त्यांतली सर्वांत पुढची, सर्वांत जास्त वाकलेली पाठ बाईंची असे. त्या हिरव्या लुगड्याच्या पाठीच्या घरात मी भाड्याने खोली घेतली होती. पण मालकिणीचं तोंड पाहायचा योग काही येत नव्हता. बाई उजाडता उजाडता निघत आणि दिवेलागणीला परतत. मी त्या वेळी पाटलांच्या ओसरीवर चहा पीत गावाचा उद्धार करत असे.

तोंड दिसलं ते माझ्या पहिल्यावहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी. पाटलांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. काठावर निम्मं गाव. मी आवाज लावला, "हा पाहा धानाचा शत्रू, सावा. तो असा समूळ उपटला पाहिजे." आणि सात-आठ रोपं उपटून, नाटकातला राजा शत्रूचं मुंडकं दाखवतो तशी वर धरली.

कोणी टाळी वाजवली नाही. समोरच्या ओळीतली पहिली पाठ हळूहळू सरळ झाली आणि वळली. पन्नाशीचा सावळा चेहरा, कपाळावर हिरवं गोंदण, डोळ्यांत कमालीची दया.

"बाबू," बाई म्हणाल्या, "तुम्ही बोला जी. बोलता चांगलं. पन उपटू नोका."

माझ्या मुठीत पाटलांचा धान होता. बाईंनी तो माझ्या हातून घेतला, पुन्हा चिखलात खोचला आणि पाटलांना म्हणाल्या, "लागन जी, लागन. जास्त दुखलं नाही त्याले."

तेव्हापासून माझी भाकरी त्यांच्या चुलीवर होऊ लागली. माझी दया आली असावी.

सावा लहानपणी हुबेहूब धानासारखा दिसतो. फरक कळतो तो लोंब बाहेर पडल्यावर. बाईंना मात्र तो चार बोटांचा असतानाच बोटांना कळे. माणसांच्या बाबतीत त्या इतक्या घाई करत नसत. त्यांच्या लेकीला, शेवंताला पाहायला साकोलीचा एक मुलगा आला. डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर घड्याळ, बोलण्यात तीन वेळा 'माझी नोकरी'. मंडळी गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"धानावानीच दिसते," बाई म्हणाल्या. "पन लोंब निघू दे."

दोन महिन्यांनी लोंब निघाली. घड्याळ शेजाऱ्याचं होतं आणि नोकरीही शेजाऱ्याचीच होती.

बाईंच्या हाताखाली बारा बायका होत्या आणि गावातली सगळी निंदणी त्यांच्याकडे असे. शिस्त कडक. गवताचा शेंडा तोडून पुढे सरकणाऱ्या बाईला त्या दुसऱ्या दिवशी बोलावत नसत. "मुळासकट निघाले पाहिजे. वरून तोडनं म्हंजे निंदन नाही, हजामत होय." चाळीस वर्षं हे काम केल्यामुळे शरीराला ती सवय अशी जडली होती, की बाई रस्त्यानेही किंचित वाकून चालत आणि कोणाशी बोलता बोलता त्याच्या अंगणातला केना सहज उपटून टाकत. लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरीसुद्धा. लोक म्हणत, भागरता येऊन गेली की अंगण झाडायला नको.

अशा बाईने स्वतःच्या घरामागच्या वाडीत रानगवत लावलं, तेव्हा गाव हसलं नसतं तरच नवल.

त्याचं कारण कोहळं. आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. त्याची गुळातली बोंडं बाई अशी करत, की मी साकोलीची मीटिंग चुकवत असे. पण दोन वर्षं वेलावर फूल यायचं आणि गळायचं. मी माझ्या पुस्तकातून खतं सुचवली. बाईंनी पुस्तक ऐकून घेतलं आणि वेलाशेजारी पोतं टाकून बसल्या. एक सकाळ, दोन सकाळी, तीन सकाळी. निंदणीचे खाडे करून.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाबू, कोनीच येऊन नाही राहिलं."

"कोण येणार होतं?"

"माश्या जी. फूल दार उघडून बसते अन् पाहुना नाही. मंग कोहरं लागन कसं?"

गावात मधमाश्या कमी झाल्या होत्या. नव्या वाणाच्या धानावर पाटील कीड मारायची भुकटी मारत होते. त्या भुकटीची शिफारस कोणी केली होती हे मी त्या वेळी बोललो नाही. बाईंनी विचारलंही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बांधीत मी फूल राहू देत नाही, काठच्या धुऱ्यावर तुमची भुकटी राहू देत नाही. त्या माशीनं चराव कुठी? ढोरायले गाव चराई ठेवते. माशीले कोन ठेवन?"

त्या संध्याकाळी बाई कामावरून आल्या त्या ओच्यात काहीतरी घेऊन. नव्या नवरीला उतरवावं तसं त्यांनी एकेक रोप मुळाच्या मातीसकट विहिरीमागे उतरवलं. माका, केना, तरोटा, रानतुळस, आघाडा, कंबरमोडी. दिवसा बांधीतून उपटायचं आणि संध्याकाळी घरी लावायचं, असा पंधरा दिवस कार्यक्रम चालला. जागा मोठी नव्हती. दोन बाजा टाकल्या तर तिसरी मावणार नाही एवढी. कुंपणावर कळलावी चढवली, कोपऱ्यात रुई ठेवली. मधे एका फुटक्या परातीत पाणी आणि पाण्यात खडे, माशीला पाय ठेवायला.

शेवंता तोंडाला पदर लावून म्हणाली, "माय, लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन का बुढी पागल झाली. मंग कोहरं मांगाले येतीन."

नियम एकच होता. फुलाला कोणी हात लावायचा नाही. पण फूल सुकलं की बी पिकायच्या आत तुरा खुडायचा आणि चुलीत घालायचा. "फूल माशीचं, बी चुलीचं," बाई म्हणत. रोज संध्याकाळी भाकरी टाकण्याआधी त्या सूप घेऊन वाडीत फेरी मारत आणि सुपातलं ते बी चुलीत तडतडत असे. निंदणारणीच्या घरचं बी लोकांच्या बांधीत उडालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या पावसात वाडी अशी भरली, की मी तोंडात बोट घातलं. तरोट्याच्या पिवळ्या फुलांवर माश्यांचा गलका, रुईवर तांबूस फुलपाखरं, आघाड्यात शिंपी पाखराचं घरटं. परातीच्या काठावर एक सरडा पंचासारखा बसून असे. आणि वेलाला नऊ कोहळी. बाईंनी एक मला दिलं, एक पाटलांच्या घरी पाठवलं. "भुकटीवाले दोघं तुम्ही. खा आता."

इथे मी प्रवेश करतो, आणि खलनायकाचा प्रवेश असतो तसाच तो वाजतगाजत झाला.

गणपतीला मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला माझ्या घरी गेलो होतो. तिथे मोठ्या सडकेच्या कडेला, ट्रक थांबतात त्या जागी, एक झाड दिसलं. गाजरासारखी नाजूक पानं आणि वर पांढऱ्याशुभ्र फुलांचा शिडकावा, तांदूळ उधळावेत तसा. आपल्या मालकिणीच्या वाडीत हे नाही, या विचाराने माझं मन भरून आलं. तुपाच्या रिकाम्या डब्यात मी तीन रोपं लावली, डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने साकोली गाठली आणि तिथून सायकलच्या दांडीला बांधून गाव. बाईंपुढे डबा ठेवताना मी छोटंसं भाषणही केलं.

बाईंनी पान चुरगळून वास घेतला. कपाळावरचं गोंदण आक्रसलं. "याचं नाव काय जी?"

शेती खात्याच्या माणसाला झाडाचं नाव माहीत नाही, हे कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "विलायती शेवंती."

"माशी बसते यावर?"

"बसते तर."

बाईंना पटलं नव्हतं. पण पाहुण्याने घरी आणलेलं परत कसं करायचं, म्हणून त्यांनी दोन रोपं वाडीच्या कडेला लावली. तिसरं मी माझ्या खिडकीबाहेरच्या फळीवर त्याच डब्यात ठेवलं. ते काही दिवसांनी वाळलं आणि मी डबा विसरलो.

दिवाळीनंतर बाई आपल्या बायका घेऊन आठ दिवस परगावी धान कापायला गेल्या, शेवंताही गेली. जाताना सूप माझ्या हातात दिलं. "रोज संध्याकाळी, बाबू. त्या विलायतीवर नजर ठेवा. तिले घाई दिसते."

मी शब्द दिला. पण ते दिवस मंडईचे. मंडई म्हणजे आमच्या भागातला दिवाळीनंतरचा उत्सव, आणि मंडईला नाटक हवंच. त्या वर्षी राजाची भूमिका माझ्याकडे होती. कापडी मुकुट घालून मी रोज संध्याकाळी शाळेच्या अंगणात राज्य करत होतो. सूप खुंटीला होतं. नाटक गाजलं. विलायती शेवंतीही गाजली.

पुढच्या पावसात ती सगळीकडे उगवली. शाळेच्या अंगणात, बोअरिंगजवळ, पाटलांच्या खळ्यावर. माझ्या खात्याचं पत्रकही तेव्हाच आलं. गाजरगवत, अत्यंत उपद्रवी, दिसताक्षणी नष्ट करावे. सोबत चित्र होतं. चित्र माझ्या विलायती शेवंतीचं होतं. गावात लोकांच्या हातापायांना खाज सुटली होती आणि पाटलांच्या मानेवर चट्टे उठले होते. सगळ्यांनी ते पांढरं फूल पहिल्यांदा पाहिलं होतं ते एकाच ठिकाणी: भागरताबाईंच्या वाडीत.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाटील मान खाजवत म्हणाले, "भागरता, तू निंदनारी होय का पेरनारी? दिवसा आमच्या बांधीतला कचरा काढते अन् घरी त्याचीच शेती करते. बी उडते, कचरा वाढते, मंग निंद्याले पुन्हा तुम्हीच. धंदा चांगला हाय."

"तुमच्या बांधीतला माल मी घरी नेला, हे खरं," बाई म्हणाल्या. "पन चोर चोरीचा माल मालकाच्याच घरी नेऊन टाकते का जी पाटील?"

लोक हसले. पण हसण्याने काम परत मिळत नाही. पाटलांनी जाहीर केलं, की यंदा निंदणी साकोलीकडच्या बायकांना द्यायची आणि इतरांनीही तसंच करायचं. पाराखाली बारा बायका बसल्या होत्या. निंदणीचा तो दीड महिना म्हणजे त्यांच्या घरचा पावसाळा होता; तो कोरडा गेला की वर्ष कोरडं.

मी उठलो. आता खरं सांगायचंच, असं ठरवून मी छाती भरून घेतली. पण घशातून निघाला तो राजाचा आवाज. "ग्रामस्थहो, या सर्व अनर्थास कारणीभूत असलेला मनुष्य—"

"बसा जी बाबू," बाई म्हणाल्या. "नाटक मंडईत करजा."

मी बसलो. आजही सांगतो, मला बरं वाटलं.

बाई पाटलांकडे वळल्या. "पांढरं फूल माह्याच वाडीतून उडालं. बी चुलीत घालाचं राहून गेलं. वाडी माही, चूक माही. मले आठ दिवस द्या. माह्या बाया गावातलं सारं पांढरं मुळासकट काढतीन, मजुरी नोको. आठ दिवसानं गावात एक झाड दिसलं, तर माह्या वाडीत वखर घाला, सारं साफ करा. नाही दिसलं, तर माह्या बाया तुमच्या बांधीत अन् माह्या माश्या माह्या वाडीत."

पाटील कबूल झाले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. तेरा बायका हातांना जवसाचं तेल चोपडून, जुन्या धोतराच्या चिंध्या मनगटापर्यंत गुंडाळून गावभर वाकल्या होत्या. बाई पुढे. फुलावर आलेलं आधी, मग लहान. शेवटी तळहाताएवढी रोपंसुद्धा चिमटीने, मुळाचा शेवटचा केस येईपर्यंत. नदीकडच्या खड्ड्यात ढीग टाकून वर माती लोटली. मीही गेलो. तिसऱ्या दिवशी माझे हात वांग्यासारखे सुजले. बाईंनी त्यांना तेल लावलं. मी म्हणालो, "बाई, मला सांगू द्यायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं असतं तं तुमची बदली झाली असती," बाई म्हणाल्या. "मंग नवा बाबू आला असता. तो काय घेऊन आला असता, कोनाले ठाऊक."

आठव्या दिवशी सकाळी पाटील काठी घेऊन निघाले, मागे गाव. शाळा पाहिली, बोअरिंग पाहिलं, खळ्यावर तर पाटील स्वतः वाकले. एक झाड नाही. मग वाडी. तरोटा होता, माका होता, परातीच्या काठावर सरडा होता; पांढरं काही नव्हतं. शेवंता तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. सगळे घराला वळसा घालून पुढच्या गल्लीत आले आणि पाटलांची काठी वर उठली.

माझ्या खिडकीबाहेरच्या फळीवर तुपाचा डबा होता. पावसाने त्यात नवं रोप वर काढलं होतं, हातभर उंच, डोक्यावर पांढरा मुकुट घातलेलं.

"हे काय होय साहेब?"

नाटकात मी कधी संवाद विसरलो नाही. त्या दिवशी विसरलो. शेवटी शेवंतानेच मागून आठवण करून दिली, "विलायती शेवंती होय न जी?"

पाटलांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई समोरच्या अंगणातला केना उपटण्यात गुंतल्या होत्या. पाटील माझ्या ओट्यावर बसले आणि हसू लागले. मान खाजवत हसले, डोळे पुसत हसले. "म्हंजे कचरा आनला सरकारनं अन् आम्ही भागरतेले धरून बसलो. साहेब, भुकटीबी तुमचीच होती न गा?"

अटीप्रमाणे वाडीवर वखर यायला हवा होता. पण झाड सापडलं होतं सरकारी खिडकीत, आणि सरकारवर वखर चालत नाही. दुसऱ्या दिवशी तेराही बायका पाटलांच्या बांधीत होत्या.

संध्याकाळी भाकरी खाताना मला एक गोष्ट सलत होती. माझी खोली शेवंता झाडायची, पण खिडकी आणि बाहेरची फळी रोज बाई स्वतः पुसत. चार बोटांचा सावा ओळखणाऱ्या बाईला हातभर उंचीचं झाड दिसलं नाही? मी विचारलंच.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "दिसलं न. पहिल्याच दिवशी."

"मग काढलं का नाही? वाडी गेली असती."

"पाटलाले डोरे हायेत जी, पाहते तो. मी माह्या तोंडानं पाहुन्याचं नाव घेनार नव्हती." भाकरी फुगली तशी त्यांनी ती माझ्या ताटात टाकली. "फूल माशीचं, बी चुलीचं. अन् डबा ज्याचा त्याचा."

पुढे माझी बदली झाली. त्या गावात त्यानंतर भुकटी फिरली नाही असं मी म्हणत नाही. पण पाटील ती मारण्याआधी बाईंना निरोप पाठवत आणि बाई त्या दिवशी वाडीवर जुनी लुगडी पांघरत, एवढं मी ऐकून होतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तुमसर तालुक्यात होतो. कामासाठी आंबागडला गेलो. किल्ल्याच्या टेकडीखालच्या वस्तीत एक पोरगी अंगण निंदत होती. तिच्या हातात गाजरगवत पाहून मी सवयीने भाषण सुरू केलं, "हे फार उपद्रवी तण आहे, याला म्हणतात—"

"ठाऊक हाय जी," ती म्हणाली. "बाबूगवत."

"काय?"

"बाबूगवत. कोन्या एका बाबूनं डब्यात घालून आनलं म्हन्तेत. साऱ्या बाया हेच म्हन्तेत इकडं."

"कोणी सांगितलं तुला?"

"माह्या वयनीच्या मायनं. मांगच हाय ना वाडीत."

वहिनी म्हणजे शेवंता. तिला आंबागडला दिलं होतं. लोंब पाहूनच दिलं असणार, कारण घर चांगलं होतं. शेवंताने मला ओळखलं, हात धरून आत ओढलं आणि मागचं दार उघडलं. विहिरीमागे दोन बाजांएवढी जागा, फुटकी परात, पिवळा तरोटा. मधे बाई बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, पण त्या पाहत नव्हत्याच. बोटांनी चाचपत होत्या. बोटं एका रोपावर थांबत, पान चोळत, सोडून देत. दुसऱ्यावर थांबत आणि मुळासकट बाहेर काढत.

"बाई," मी म्हणालो, "ओळखलं का?"

"बोला आखिन जरासं."

मी राजाच्या आवाजात दोन वाक्यं म्हटली. बाई हसल्या. शेजारचं गाजरगवत चाचपून गोळा केलं आणि मूठ माझ्या दिशेने वर केली. "घ्या. तुमचंच होय. चुलीत घाला, फुलावर आलं हाय."

मी मूठ घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं चुलीत घातलं. ओलं होतं, आधी धूर झाला, मग पेटलं. डोळे पुसत मी मागच्या दारात आलो.

बाईंची पाठ माझ्याकडे होती, वाकलेली, हिरव्याच लुगड्याची. पाठीवर, मणक्याच्या जरा डावीकडे, एक तांबूस फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. बाईंचा हात एका रोपावर आडवा थांबला होता. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात शेवंताने माझा दंड दाबला.

"थांबा जी," ती हळूच म्हणाली. "तिले कळलं हाय. ते उडेपर्यंत हलनार नाही ती आता."

माझी तुमसरची बस चुकली.